सोन्याला हॉलमार्क आहे, खड्याला काय?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुरुपुष्यामृत आला की पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी पेढ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गर्दीतला ग्राहक सोन्याच्या बाबतीत आता चांगलाच हुशार झाला आहे. अंगठी उलटी करून तो शिक्का शोधतो, सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघतो, घडणावळीवरून घासाघीस करतो. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. पण त्याच अंगठीतल्या खड्याबद्दल तो विचारतो फक्त एवढेच, ‘ओरिजिनल आहे ना?’ समोरून ‘शंभर टक्के’ आले की पैसे मोजतो. हॉलमार्क धातूच्या शुद्धतेचा असतो. वरचा खडा माणिक आहे, काच आहे की कारखान्यात तयार झालेला आहे, याच्याशी त्या शिक्क्याचा काडीचा संबंध नाही. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामाला तर सक्तीतून सूटच आहे. म्हणजे जिथे खडेच खडे, तिथे तोही आधार नाही.

‘ओरिजिनल’ हा शब्दच घोळाचे मूळ आहे. खड्याबद्दल प्रश्न तीन असतात आणि ते वेगवेगळे विचारावे लागतात. हे खनिज कोणते? ते जमिनीतून निघाले की कारखान्यात वाढवले? आणि त्यावर काही प्रक्रिया केली आहे का? कारखान्यातले माणिक रासायनिकदृष्ट्या माणिकच असते, त्यामुळे ‘माणिकच आहे हो’ असे सांगणारा दुकानदार पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो आणि दुसरा गिळतो. काचेला माणिक म्हणणे ही फसवणूक सरळ असते. अर्धे उत्तर देणे जास्त चालते.

नावांचा गोंधळ तर आपल्या भाषेतच आहे. भूशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पुष्कराज म्हणजे टोपाझ. ज्योतिषी ‘पुष्कराज घाला’ म्हणतात तेव्हा त्यांना पिवळा नीलम, म्हणजे कोरंडम हे खनिज (माणिकही याच खनिजाचे) अपेक्षित असते. बाजारात याच नावाखाली पिवळा टोपाझ मिळतो आणि ‘सुनेला’ म्हणजे सिट्रीन हे पिवळे क्वार्ट्झही मिळते. तिघांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बिलावर मात्र तिन्हीकडे ‘पुष्कराज १ नग’. ‘जरकन’चेही तसेच. झिरकॉन हे नैसर्गिक खनिज आहे. दुकानात जरकन किंवा अमेरिकन डायमंड म्हणून मिळते ते क्युबिक झिरकोनिया, पूर्णपणे कारखान्यातले. त्याचा डायमंडशी मुळीच संबंध नाही.

वजनातही मेख आहे. आपली जुनी गुंज म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग, साधारण १२१ मिलिग्रॅम. खड्यांच्या व्यापारात चालणारी रत्ती साधारण ०.९१ कॅरेट, म्हणजे १८२ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ‘पाच रत्ती’ म्हटल्यावर गुंजेच्या हिशेबाने ३ कॅरेटचा खडा होतो आणि व्यापारी रत्तीने साडेचार कॅरेटचा. कॅरेट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच. म्हणून भाव आणि वजन दोन्ही कॅरेटमध्ये मागावे. (सोन्याचा कॅरेट हा शुद्धतेचा आणि खड्याचा वजनाचा, एकाच शब्दाने दोन कामे केल्यावर घोटाळा व्हायचाच.)

आता व्हॉट्सॲपवरच्या परीक्षांकडे वळू. माणिक दुधात टाकले की दूध गुलाबी दिसते, पाचू पाण्यात टाकला की पाणी हिरवे दिसते, खऱ्या खड्याने काच कापली जाते, खरा हिरा हातोडीने फुटत नाही. लाल काच दुधात टाकली तरी तेच दिसेल, कारण ती पारदर्शक वस्तूतून आलेल्या लाल प्रकाशाची आभा आहे. काचेचा कठीणपणा मोहस् मापावर साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्झचा ७. म्हणजे रस्त्यावरच्या गारगोटीनेही काच कापली जाते. हिरा सर्वांत कठीण, १० वर; पण तो चार दिशांना सहज दुभंगतो, हातोडीखाली त्याचे तुकडे होतात. कठीण म्हणजे चिवट नव्हे. ओरखड्याची परीक्षा तयार खड्यावर कधीच करू नये. त्यातून काही सिद्ध होत नाही आणि खडा मात्र खराब होतो.

या सगळ्याऐवजी दहापट मोठे दाखवणारे तीन भिंगांचे लूप घ्यावे, १८ किंवा २१ मिलिमीटर व्यासाचे. ‘३०x’ छापलेल्या स्वस्त लूपच्या मागे लागू नये. घेण्याआधी ते आलेखाच्या कागदावर धरून बघा. कडेच्या रेषा वाकलेल्या किंवा निळ्या-पिवळ्या झालरीच्या दिसल्या तर ते ठेवून द्या. बहुतेक नवशिके लूप चुकीचे धरतात. ते खड्याजवळ नेऊन लांबून बघायचे नसते. लूप डोळ्याला, जवळजवळ भुवईला टेकवायचे, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि खडा लूपच्या दिशेने आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो स्पष्ट होतो. दोन्ही कोपरे काउंटरवर आणि लूप धरलेला हात खडा धरलेल्या हाताला टेकलेला, नाहीतर प्रतिमा थरथरते. खडा आधी मऊ कापडाने पुसून घ्या. धुळीचा कण आणि आतला दोष यांत फरक करता येत नसेल तर निष्कर्ष काढायची घाई नको. उजेड समोरून नको, बाजूने हवा. छोटी टॉर्च खड्याच्या कडेला लावा आणि मागे काळे कापड धरा. आतले सगळे उजळून दिसते.

आधी बाहेरून बघा. काचेच्या पैलूंच्या कडा गोलसर, झिजलेल्या असतात आणि टवका उडाला असेल तिथे शिंपल्यासारख्या वलयांची खळगी दिसते. कोरंडमच्या कडा धारदार असतात. आत गोल, स्वच्छ बुडबुडे दिसले तर संशय घ्या. पाकासारखी वळणे दिसली तर तो बहुधा काचेचा. मग कमरपट्टा, म्हणजे खड्याचा सर्वांत रुंद भाग, नीट बघा. वरचा अर्धा भाग एका पदार्थाचा आणि खालचा दुसऱ्याचा, मधे डिंक, असे जोडखडे अजूनही फिरतात. त्यांची जोडरेषा तिथेच सापडते. खडा सुटा असेल तर पांढऱ्या कपात पाणी घेऊन त्यात बुडवा आणि कडेने बघा. जोडखड्याचे थर पाण्यात लगेच उघडे पडतात. पाचूसारख्या दिसणाऱ्या जोडखड्यात वर-खाली रंगहीन स्फटिक आणि मधे हिरवी रेघ, असे चित्र दिसते.

माणकावर थोडे जास्त लिहितो, कारण ग्राहक जास्तीत जास्त तिथेच फसतो. ‘आजीच्या वेळचे आहे, खरेच असणार’ हा समज आधी सोडा. फ्रान्सच्या ओग्यूस्त व्हर्नॉय यांनी ज्योतीत ॲल्युमिनाची पूड वितळवून माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर लवकरच असे माणिक जगभरच्या दागिन्यांत शिरले. पणजीच्या कुड्यांत कारखान्यातले माणिक असणे सहज शक्य आहे. ओळख अशी: त्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, आणि जोडीला बारीक बुडबुडे. निसर्गातल्या माणकात रंगाचे पट्टे सरळ असतात आणि कोनात वळतात. आत रुटाइल या दुसऱ्या खनिजाच्या नाजूक सुया ६० अंशांच्या कोनात एकमेकींना छेदताना दिसतात. निर्दोष, मोठे, गडद लाल आणि स्वस्त माणिक दिसले तर आनंद करण्याआधी वक्र रेषा शोधा. त्या चटकन दिसत नाहीत. खडा पाण्यात बुडवून, पांढऱ्या कागदावर ठेवून, वेगवेगळ्या दिशांनी फिरवून बघावा लागतो.

दुसरा प्रकार २००४ च्या सुमारास बाजारात आला: शिसेयुक्त काच भरलेले माणिक. फटींनी भरलेले, जवळजवळ अपारदर्शक हलके माणिक घ्यायचे आणि त्याच्या भेगांत शिशाची काच वितळवून भरायची. माणिक नैसर्गिक, म्हणून दुकानदार ‘नॅचरल रुबी’ म्हणतो आणि त्यात खोटे काही नसते. टॉर्चखाली खडा हळूहळू कलवला की भेगांमधून निळी किंवा जांभळट चमक उसळते, दुसऱ्या कोनात नारिंगी. भेगांत चपटे बुडबुडे दिसतात. आपल्याकडे याचा खरा त्रास पुढे सुरू होतो. अंगठी सैल झाली म्हणून सोनाराकडे दिली. त्याने फुंकणीची आच लावली आणि दागिना साफ करायला तेजाबात टाकला. काच वितळते, तेजाब ती खाऊन टाकते आणि खडा जाळीसारखा पांढुरका होऊन परत येतो. मग भांडण त्या बिचाऱ्या कारागिराशी. काच भरलेल्या खड्याला लिंबाचा रसही चालत नाही. असा खडा घ्यायला हरकत नाही, पण किंमत त्याप्रमाणे द्यायची आणि दुरुस्तीला देताना आधी सांगायचे.

पाचूच्या भेगांत तेल भरण्याची पद्धत फार जुनी आहे आणि व्यापारात ती मान्यही आहे, फक्त सांगितली गेली पाहिजे. असा पाचू गरम पाण्यात किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात टाकला की तेल निघते आणि भेगा उघड्या पडतात. नुसत्या फडक्याने पुसा. आत काहीच दोष नाही, असा मोठा पाचू मात्र संशयास्पदच. रंगवलेले क्वार्ट्झ पाचू म्हणून विकतात, तेव्हा रंग भेगांमध्ये साचलेला दिसतो आणि मधला भाग फिका राहतो. चेल्सी फिल्टर नावाचा हिरवा-काळसर प्रकाशगाळक पाचूच्या परीक्षेसाठी विकला जातो. कोलंबियाचे पाचू त्यातून लालसर दिसतात, हे खरे. पण झांबियाचे आणि आपल्या राजस्थानातले बरेच पाचू हिरवेच राहतात आणि कारखान्यातले अनेक झकास लाल होतात. म्हणजे ‘लाल दिसला म्हणजे खरा’ हे उलटेच पडते. एकट्या फिल्टरवर विसंबू नका.

खनिज ओळखायला सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा पाण्यातल्या वजनाची. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सगळ्यांनी घोकलेले असते. खडा मात्र सुटा हवा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, छोटा ग्लास आणि बारीक नायलॉनचा धागा एवढे पुरते. आधी खड्याचे कोरडे वजन करा. मग ग्लासात उकळून गार केलेले पाणी घ्या, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. आता खडा धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा, तळाला किंवा कडेला न टेकवता. काट्यावर येणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या कितीपट जड ते, मिळते.

पिवळ्या खड्याचेच उदाहरण घेऊ. खडा बरोबर १ ग्रॅम, म्हणजे ५ कॅरेटचा. पाण्यात काटा ०.२५ दाखवतो: १ भागिले ०.२५, म्हणजे ४.००, तो कोरंडम, खरा पिवळा नीलम. ०.२८ दाखवला तर साधारण ३.५, तो टोपाझ. ०.३८ दाखवला तर २.६५ च्या आसपास, तो सिट्रीन. तीन आकडे इतके लांब आहेत की साध्या काट्यावरही ओळख पटते. चुका कुठे होतात तेही सांगतो. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले की पाणी जास्त सरते आणि गुरुत्व खोटेच कमी येते, साबण त्यासाठीच. खडा तळाला टेकला की काटा पूर्ण १ ग्रॅम दाखवतो. आणि खडा १ कॅरेटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा असेल तर कोरंडम ०.०५ आणि टोपाझ ०.०५७, इथे ०.०१ च्या काट्याचे काम संपले, ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो. वजनकाटा नसेल तरी एक अंदाज उपयोगी पडतो. ५ कॅरेटच्या पिवळ्या नीलमाएवढ्याच आकाराचा सिट्रीन साधारण ३.३ कॅरेटच भरतो. आकाराच्या मानाने पिवळा खडा फारच हलका वाटला तर शंका घ्या.

दुसरी फुकटातली परीक्षा लॅपटॉपची. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पडदा पूर्ण पांढरा करा आणि पोलरॉइड गॉगलची काच समोर धरून फिरवा, पडदा काळा होईपर्यंत. (कसेही फिरवून काळा होत नसेल तर गॉगल पोलरॉइड नाही, तो विकणाऱ्याला परत करा.) आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये खडा धरून सावकाश पूर्ण गोल फिरवा. नीलम, माणिक, पाचू, टोपाझ, क्वार्ट्झ हे एका फेरीत चार वेळा उजळतात आणि चार वेळा विझतात. काच, गार्नेट, स्पिनेल (माणकासारखे दिसू शकणारे वेगळे खनिज), हिरा आणि क्युबिक झिरकोनिया काळेच राहतात. लाल खडा काळाच राहिला तर तो माणिक नाही, हे नव्वद टक्के झाले. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी खडा दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी धरून बघा, कारण प्रत्येक दुहेरी अपवर्तनाच्या, म्हणजे प्रकाशकिरण दोन भागांत फोडणाऱ्या, स्फटिकात अशी दिशा असते जिथून तोही उजळत नाही. काचेत आणि गार्नेटमध्ये ताणामुळे सापासारख्या वेड्यावाकड्या सावल्या फिरताना दिसतात, तेवढ्यावर फसू नये. आणि हे विसरू नका की कारखान्यातले माणिकही तितकेच व्यवस्थित उजळेल. ही परीक्षा खनिज सांगते, जन्मस्थान नाही.

स्पिनेल वाईट खडा नव्हे. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ शतकानुशतके माणिक म्हणून मिरवला, तो स्पिनेलच निघाला.

बाकीच्यांचे थोडक्यात. गोमेद म्हणजे हेसोनाइट गार्नेट. लूपमधून आत बघितले तर काकवी पाण्यात ओतल्यावर दिसतात तशा तेलकट लाटा दिसतात. ती त्याची सही. लाटा नाहीत आणि गोल बुडबुडे आहेत, तर काच. लसण्यात (मांजराच्या डोळ्यासारख्या खड्यात) चमकणारी रेघ अगदी आखल्यासारखी, कमालीची तीक्ष्ण दिसली तर कडेने लूप लावा; मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली की ती काचेच्या तंतूंची, खडा नव्हे. पोवळ्यावर लूपखाली बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात, काचेच्या पोवळ्यावर त्या नसतात.

हिऱ्याच्या बाबतीत लूपची मर्यादा मान्य करावी लागते. ‘डायमंड टेस्टर’ म्हणून मिळणारे पेन उष्णता किती भरभर वाहते ते मोजते. मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कारखान्यातल्या खड्यावरही ते वाजते, टोक चुकून सोन्याच्या पकडीला लागले तरी वाजते. मोइसनाइट लूपने पकडता येते: खडा थोडा तिरका करून वरच्या पैलूतून मागच्या पैलूंच्या कडा बघा, त्या दुहेरी दिसतात. हिऱ्यात एकेरीच. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच असतो. तो नैसर्गिक की वाढवलेला, हे लूप, पेन किंवा फुंकर मारून कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतली यंत्रेच लागतात.

मोत्यांशिवाय पुण्यातली लग्नसराई होत नाही, म्हणून नथ आणि तन्मणीबद्दल. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. अस्सल मोत्याचा आणि संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो, नकली मोती गुळगुळीत घसरतो. दातांवर घासण्याची पद्धत हीच आहे, पण दुकानातल्या मोत्यावर ती कोणी करू नये. खरी माहिती भोकाशी मिळते. लूप लावून बघा. नकली मोत्यात भोकाच्या कडेला रंगाचा पापुद्रा उचकटलेला दिसतो. मणी घालून वाढवलेल्या मोत्यात आतल्या मण्याची आणि वरच्या थराची सीमारेषा दिसते. गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यांत मणी बहुतेक नसतोच, त्यामुळे ती रेषा नाही म्हणजे ‘बसरा’, म्हणजेच नैसर्गिक मोती, असे समजू नये. नैसर्गिक की संवर्धित, हे नक्की करायला क्ष-किरण लागतात. आणि नथीतले इवलेसे लाल-गुलाबी खडे माणिक म्हणून विकले तर हसून दागिन्याच्या वजनाचा हिशेब विचारा. एकूण वजनातून खडे-मोत्यांचे वजन वजा करूनच सोन्याचा भाव लावला पाहिजे, नाहीतर काच सोन्याच्या भावाने घरी येते.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा. महाग खडा सुटा घ्यावा, तपासून घ्यावा, मग बसवावा. मागून बंद असलेल्या कोंदणात, खड्याखाली चकचकीत पत्रा घालून फिका खडा गडद दाखवता येतो आणि वर सांगितलेल्या अर्ध्या परीक्षा तिथे करताच येत नाहीत. पेठेतल्या अरुंद दुकानात दिवे पिवळे असतात. त्यांत माणिक आणि पुष्कराज दोघेही तोंड उजळून बसतात. दारात येऊन दिवसाच्या उजेडात खडा बघू द्या, असे म्हटल्यावर जो दुकानदार नाराज होतो त्याच्याकडचा खडा तसाही नको.

प्रयोगशाळेचा अहवाल घेताना तो कोणी दिला ते बघा. दुकानाने स्वतः छापलेले प्लास्टिकचे कार्ड हा अहवाल नव्हे. मुंबईत जीआयए आणि आयजीआय यांच्या प्रयोगशाळा आहेत. अहवालातले वजन आणि मिलिमीटरमधली मापे हातातल्या खड्याशी जुळतात का, हे आधी बघावे. कार्ड एकाचे आणि खडा दुसऱ्याचा, असे होऊ शकते. ‘टिप्पणी’ हा रकाना कोणी वाचत नाही, पण भट्टी, तेल, काच यांचा उल्लेख तिथेच असतो. पिवळ्या आणि नारिंगी नीलमात बेरिलियम घालून तापवण्याची प्रक्रिया साध्या उपकरणांनी ओळखता येत नाही, त्यामुळे महागाचा पिवळा खडा घेताना ती तपासली का, हे प्रयोगशाळेला स्पष्ट विचारावे.

ज्यांना छंद म्हणून शिकायचे आहे त्यांनी महागड्या खड्यावर सुरुवात करू नये. एक लाल काच, एक कारखान्यातले माणिक, एक लाल गार्नेट, एक सिट्रीन, एक ॲमेथिस्ट, एक निळा टोपाझ, एक पेरिडॉट आणि एक क्युबिक झिरकोनिया असा सुट्या खड्यांचा संच फारसा खर्च न करता जमतो. डब्या क्रमांकाने लावा, नावे वेगळ्या कागदावर लिहा आणि नाव न बघता लूप, पाणी आणि लॅपटॉप यांवरून ओळखायचा सराव करा. पेरिडॉटमध्ये मागच्या कडा दुहेरी दिसतात. ते एकदा डोळ्यांनी पाहिले की दुहेरी अपवर्तन पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. निळा टोपाझ बहुतेक वेळा रंगहीन टोपाझवर किरणोत्सार करून निळा केलेला असतो, हेही त्या निमित्ताने कळते. पुढे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणारे यंत्र, घ्यावासा वाटलाच तर चार आकडे पाठ असू द्या: क्वार्ट्झ १.५४४ ते १.५५३, पाचू १.५८ च्या आसपास, स्पिनेल १.७१८, माणिक-नीलम १.७६२ ते १.७७०. खड्याखाली लावायच्या द्रवाचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच टाका. जास्त टाकला की खडा तरंगतो आणि सावलीची रेघ धूसर होते. १.८१ च्या पुढचे हे यंत्र वाचत नाही, म्हणून हिरा त्यावर ठेवून उपयोग नाही.

शिवाय आपण तर दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हान्साइट जगभरचे संग्राहक शोधत येतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांवरून त्याचे नाव पडले. पाषाणच्या टेकडीतला हिरवा ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, अकीक, स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या, हे सगळे इथलेच. यातले बरेचसे अंगठीत घालण्याइतके कठीण नसते. कॅव्हान्साइट मोहस् मापावर ३ ते ४, नखाने नाही तरी चाकूने ओरखडतो. पण स्फटिकाचा आकार, दुभंग आणि चमक यांचा डोळा तयार व्हायला याहून स्वस्त शाळा नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची एक फेरी त्यासाठी कारणी लागते. खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंग लावण्याच्या वेळी मात्र जाऊ नये.

सराफांकडे मागणी एकच. बिलात खड्यासाठी ‘पुष्कराज १ नग’ ऐवजी चार गोष्टी लिहा: खनिजाचे नाव (उदाहरणार्थ, पिवळा नीलम, कोरंडम), नैसर्गिक की कारखान्यातला, कोणती प्रक्रिया केली आहे, आणि वजन कॅरेटमध्ये. काउंटरवर एक लूप आणि एक टॉर्च ग्राहकासाठी ठेवा. ज्यांच्या भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आहे, त्यांनी तर हे आधी करावे. ग्राहकांनीही बिल छापून होण्यापूर्वीच या चार गोष्टी मागाव्यात. छापून झालेल्या बिलात कोणी पेनाने ‘काच भरलेले’ असे लिहून देत नाही.

आपले,
रत्नपरीक्षेचा छंद असलेले काही वाचक,
पुणे